सुरुवातीचा किट आणि धुऱ्यावरची तार

माझ्या काउंटरवर नेलपेंट काढायच्या औषधाची बाटली कायम ठेवलेली असते. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, बाईचं दुकान आहे, असणारच. मी जन्मात कधी नखं रंगवलेली नाहीत. नागपूरहून माल आला की त्यातली एखादी चिप उचलायची, कापसाच्या बोळ्यावर ते औषध घ्यायचं आणि चिपच्या पाठीवरचा नंबर घासून पाहायचा, यासाठी ती बाटली आहे. चांगल्या मालावरचा नंबर कोरलेला असतो, तो हलत नाही. जुना निकामी माल घासूनपुसून त्यावर नवा नंबर छापला असेल तर बोळा काळा होतो. मग मी भांडत बसत नाही. तो काळा बोळा पार्सलमध्येच टाकते आणि पार्सल परत पाठवते. पाठवणाऱ्याला काय ते समजतं.

पांढरकवड्याला हायवेच्या कडेला माझं इलेक्ट्रॉनिक पार्ट्सचं दुकान आहे. आयटीआय करून टीव्ही दुरुस्तीपासून सुरुवात केली, तेव्हा बाई टीव्ही कशी उघडते ते पाहायला लोक यायचे आणि स्वतःचा टीव्ही मात्र दुसरीकडे न्यायचे. पुढे ते डबे टीव्ही गेले, ट्रकवाल्यांचे स्टिरिओ आले, मग शेतातलं सोलर आणि झटका मशीन, आणि अलीकडे शाळा-कॉलेजातल्या पोरांचे किट. माल बदलत गेला, माझा स्वभाव तोच राहिला. कशावरही पटकन विश्वास बसत नाही. आमच्या घरी म्हणतात, शीलाला कुकरची शिट्टी ऐकू आली तरी झाकण उघडून पाहावंसं वाटतं.

ज्यांना किट म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढी एक चिप. तिला एकदा आज्ञा लिहून दिल्या की ती तेच काम न कंटाळता करत राहते. अंधार पडला की दिवा लाव, माती सुकली की सांग, कोणी जवळ आलं की वाज. ही चिप एका छोट्या बोर्डावर बसवलेली असते. बोर्ड केबलने कॉम्प्युटरला जोडायचं, आज्ञा लिहायच्या आणि बोर्डात उतरवायच्या. नवशिक्यांसाठी बोर्ड, केबल, रंगीत वायरी, वायरी खोचायची छिद्रांची पांढरी पट्टी, थोडे बारीक दिवे, एक बझर आणि दोनचार सेन्सर एका डब्यात मिळतात. दुकानदार त्याला स्टार्टर किट म्हणतात. आमचं गिऱ्हाईक म्हणतं, शिकाचा किट द्या.

यात लोक पहिला प्रश्न विचारतात तो हा, की सगळ्यात जास्त सामान कोणत्या डब्यात आहे. बाभुळगावचे एक सर असेच सगळ्यात मोठा डबा घेऊन गेले. मी लहान डबा पुढे केला होता, तो त्यांना कमीपणाचा वाटला. काही आठवड्यांनी ते तणतणत परत आले. म्हणाले, "मॅडम, बोर्डच डेड हाय. कॉम्प्युटरले दिसूनच नाही राह्यलं." मी केबल बदलली आणि बोर्ड दिसायला लागलं. त्या भल्यामोठ्या डब्यात इतके सेन्सर कोंबले होते की केबल मात्र नुसती चार्जिंगची टाकली होती. तिच्यातून वीज जाते, आज्ञा जात नाहीत. त्या केबलपायी वर्गातल्या मुलींना वाटलं होतं की आपल्यालाच जमत नाही. नवशिका माणूस सामानावर संशय घेत नाही, स्वतःवर घेतो. म्हणून त्याच्या वतीने संशय दुकानदाराने घ्यायचा असतो.

आणखी एक खोड सांगून ठेवते. दुकानदार बोर्ड जोडून दाखवतो आणि त्यावरचा दिवा लुकलुकतो, की गिऱ्हाईक खूश. तो दिवा कारखान्यातूनच लुकलुकत येतो. दुकानदाराला म्हणावं, आता तोच दिवा माझ्यासमोर हळू लुकलुकवून दाखवा. बोर्ड नवी आज्ञा घेतं की नाही ते तेव्हा कळतं. वायर पट्टीत खोचून पट्टी उलटी धरावी, वायर पडली तर तो किट घेऊ नये. बाकी मग पुस्तिका, रंग, डब्यावरचं चित्र, याने काही अडत नाही.

किट असा तपासता येतो. तो घेणारा माणूस कसा तपासायचा, हे मला अजून नीट जमलेलं नाही.

काही किटमध्ये रिले नावाचा एक छोटा निळा ठोकळा येतो. बोर्डाची स्वतःची वीज अगदी थोडी, हाताला जाणवतही नाही. रिले जोडला की तेच बोर्ड घरातल्या लाइटीचं बटण दाबू शकतं. पंखा, बल्ब, काहीही. आमच्या भागात मी हा ठोकळा चौकशी केल्याशिवाय देत नाही, त्याला कारण आहे. शेतं जंगलाला लागून. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, आले की एका रात्रीत उभं पीक आडवं होतं. त्यावर झटका मशीन मिळतं. ते बॅटरीवर चालतं आणि कुंपणाच्या तारेत थांबून थांबून क्षणभराचा झटका सोडतं. डुक्कर पळतं, माणूस दचकतो, शिव्या देतो, पण मरत नाही. काही लोक मात्र मशीनच्या भानगडीत न पडता लाइनीचा करंट सरळ तारेत सोडतात. संध्याकाळी सोडायचा, उजाडता उजाडता काढायचा. ही तार धरलेल्याला सोडत नाही. तिला डुकरं चिकटतात, वाघ चिकटतो, माणूसही चिकटतो. कायद्याने तो गुन्हा आहे, पण वावरात बघायला कोण येतं?

एकदा एक जण आला. त्याला बोर्ड, रिले आणि घड्याळाचं सर्किट पाहिजे होतं. अंधार पडला की आपोआप चालू, पहाटे आपोआप बंद.

"काय चालू कराचं हाय?" मी विचारलं.

"मोटर."

"किती हॉर्सपॉवरची?"

तो छताकडे पाहायला लागला. स्वतःच्या मोटरीची हॉर्सपॉवर माहीत नाही असा शेतकरी मी पाहिलेला नाही. मी म्हटलं, रिले संपले. तो म्हणाला, "मांगं दिसून तं राह्यले." मी म्हटलं, ते खराब आहेत. तो गेला. त्याने तो कुठून तरी घेतला असेल किंवा नसेल, मला कळलं नाही. पण तेव्हापासून तार आणि करंट हे शब्द एकत्र ऐकले की माझे कान उभे राहतात.

वंदना आली ती कापूस वेचणीच्या दिवसांत, आठवडी बाजाराच्या दिवशी. पस्तिशीची असेल. पदराला कापसाचे तंतू चिकटलेले, हातात भाजीची पिशवी. आत आली आणि काही न मागता माझ्या मागच्या फळीकडे बघत राहिली. त्या फळीवर दुरुस्तीला आलेला माल असतो. मी मनात नोंद केली, की ही काहीतरी हेरते आहे.

"ताई, शिकाचा किट हाय का?"

"कोनासाठी पाह्यजे?"

"माह्यासाठीच."

"काय शिकाचं हाय?"

"पहिल्यापासून सगळंच. बारावी सायन्स झाली माही. मंग लग्न झालं." एवढं बोलून ती थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "याच्यानं तारेतला करंट समजते का? हात न लावता?"

"कोनच्या तारेतला?"

"कोनच्याबी. अशीच इचारून राह्यली."

अशीच विचारते म्हणणाऱ्यावर माझा सगळ्यात कमी विश्वास. मी हिशोब मांडला. कुंपणात करंट सोडणाऱ्यालाच तार जिवंत आहे की मेलेली हे रोज पाहावं लागतं, नाहीतर तो स्वतःच चिकटायचा. हिच्या घरी हाच धंदा चालत असणार आणि नवऱ्याने हिला पुढे केलं असणार. बाईवर कोण संशय घेतो?

मी लहान किट काढला, तिच्या समोर उघडला आणि त्यातला निळा ठोकळा काढून माझ्या खणात टाकला.

"तो काहून काढला?"

"तुमच्या कामाचा नाही."

ती क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हुज्जत घालेल. पण ती म्हणाली, "मंग राहू द्या तुमच्याजोळच." आणि डबा भाजीच्या पिशवीत घातला. हुज्जत घातली असती तर मला बरं वाटलं असतं. न घालणारी बाई जास्त हुशार, असं मी धरून चालले.

पुढच्या बाजारांना ती येत राहिली. रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात मी मुलींना हेच शिकवते, तिथे या म्हटलं तर म्हणाली, गावातून फक्त बाजारालाच निघता येतं. मग दुकानातच, माझ्या जुन्या लॅपटॉपवर सुरू केलं. दिवा लुकलुकवला. तो हळू करून दाखवा असं मी सांगायच्या आधीच तिने केला होता. दुसरी कोणी असती तर मी कौतुक केलं असतं. हिचं हात आखडून केलं. दिव्यात तिला रस नव्हताच. रंगीत दिवे, पाण्याचा सेन्सर, सगळं बाजूला सारून ती म्हणायची, "ताई, तारेचं कवा?"

तारेचं काम अवघड नाही, हे तिने मोबाइलवर पाहिलं होतं आणि ते खरं आहे. लाइनीच्या तारेभोवती विजेची एक थरथर असते, ती डोळ्याला दिसत नाही. एक उघडी वायर बोर्डाला जोडून त्या तारेपासून थोड्या अंतरावर धरली की बोर्डाला ती थरथर जाणवते. मग बोर्डाने बझर वाजवायचा, एवढंच. आम्ही ते जोडलं आणि टेबलफॅनच्या वायरीजवळ नेलं. बझर सलग किंचाळायला लागला.

तिने लगेच विचारलं, "आन झटक्याची तार असली तं?"

मी विक्रीचं एक झटका मशीन काढलं, तार बांधली आणि चालू केलं. बझर थांबून थांबून टिक… टिक… असा वाजला. वंदनाने डोळे मिटून तो आवाज बराच वेळ ऐकला.

"म्हणजे दोन आवाज अलग."

"अलग."

"हे चुकत नाही?"

"चुकते नं. वरून लाइन गेली असन तं तिचाबी आवाज येते. खांबापासून दूर जाऊन पाहा लागते. आन कोनच्याबी तारेच्या जोळ जाचं नाही, हात लावाचा तं नाहीच. वंदनाबाई, खरं सांगा, कोनची तार हाय?"

तिने पिशवी उचलली. "बस निघून जाईन," म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी घरी जेवण झालं, झोपायची वेळ झाली. आपण हिला काय शिकवून बसलो, हा एकच विचार. पुढच्या बाजारी सरळ सांगायचं ठरवलं, की खरं बोला, नाहीतर या दुकानात येऊ नका.

पण पुढचा बाजार यायच्या आधी एक माणूस आला. किडकिडीत, पायात मातीने भरलेल्या चपला. आत न येता पायरीवरच उभा राहिला.

"वंदना येते का इथं?"

"तुम्ही कोन?"

"तिचा नवरा. गजानन."

"येते."

"कायले?"

"शिकाले."

"काय शिकाले?" त्याचा आवाज चिडका नव्हता, घाबरलेला होता. "दादानं पाह्यलं तिले इथं. म्हणे, तुही बायको तुह्यापासून काहीतरी लपवून राह्यली. म्हणून आलो."

दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ, शंकर. वंदनाचे भासरे. आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरे म्हणतात, आणि भासऱ्यांसमोर घरची सून तोंड वर करून बोलत नाही. मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात गजाननची नजर माझ्या मागच्या फळीवर गेली आणि तो पायरी चढून आत आला.

"हे मशीन दादाचं हाय."

फळीवर एक हिरवं झटका मशीन पडून होतं. त्यावर पांढऱ्या पेंटने शंकर असं लिहिलेलं.

"दिवाळीच्या आधीपासून पडलं हाय," मी म्हटलं. "सर्किट जळलं त्याचं. नवीन टाका लागते म्हणलं, तं ते मांगं फिरकलेच नाही."

"पन तार तं रोज चालू असते." तो फळीकडेच पाहत बोलत होता. "रोज संध्याकाळी तो विहिरीवर जाऊन चालू करते. मले सांगते, गजा, पहाटचा सांभाळून जा, झटका हाय."

मशीन इथे, आणि तार तिथे चालू.  वंदनाने पहिल्या दिवशी फळीवर काय पाहिलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. मी तिच्या हातातल्या पिशवीवर, तिच्या प्रश्नांवर, तिच्या गप्प बसण्यावर संशय घेत राहिले, आणि ज्या वस्तूवर घ्यायचा ती माझ्याच फळीवर धूळ खात होती.

"दुसरं घेतलं असन," गजानन म्हणाला. "यवतमाळहून."

"असन."

"दादा तसा नाही हो. बाप गेला तवा मी येवढासा होतो. त्यानंच वाढवलं मले."

"पहाटचं तुम्ही कायले जाता तिकडं?"

"पानी वळवाले. लाइन रातचीच येते नं आमच्याकडं. धुऱ्याच्या कडंनं नाली हाय, तिच्यातून अनवानी चाला लागते."

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, इथे दोघा भावांच्या वावरांमधला. ओल्या मातीत अनवाणी पाय आणि हातभर अंतरावर ती तार. 

"वंदनानं मले काहून नाही सांगतलं?" त्याने विचारलं.

"सांगतलं असतं तं तुम्ही काय म्हणले असते?"

त्याने फळीवरच्या त्या नावाकडे परत एकदा पाहिलं. मग म्हणाला, "म्हणलो असतो, दादावर असा वहीम घेऊ नको."

मी म्हटलं, वीज ऑफिसात जाऊ, लाइनमनला घेऊन येऊ. तो तयार होईना. खात्री झाल्याशिवाय भावाचं नाव कुठेही घ्यायचं नाही, हे त्याचं पक्कं होतं. शेवटी त्यानेच विचारलं, "तिचा तो डब्बा खरं सांगते का?" मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्याच्या मोटरसायकलवर बसले. डबा खरं सांगतो की नाही हे मलाच पाहायचं होतं. तो माझ्या दुकानातून गेलेला होता.

वंदना धुऱ्यावरच सापडली. प्लास्टिकच्या टिफिनमध्ये तिने बोर्ड आणि बॅटरी बसवली होती आणि उघडी वायर पाइपच्या तुकड्याच्या टोकाला बांधली होती. नवऱ्यासोबत मला पाहून तिचा चेहरा उतरला.

"ताई, तुम्ही सांगतलं?"

"मी काही नाही सांगतलं. त्याइनं मशीन पाह्यलं फळीवर."

तिने गजाननकडे पाहिलं. तो म्हणाला, "येकटी येतं इथं?"

"तुम्ही पहाटचे येकटेच येता," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून सांगू लागली, "वाजते ताई, रोज वाजते, सलग वाजते. पन वरून लाइन गेली हाय. तुम्ही म्हणलं व्हतं नं, लाइनीचाबी आवाज येते. मंग मी काय सांगू याइले? कोनच्या तोंडानं सांगू?"

ती रोज विजेच्या खांबाखाली उभी राहत होती, कारण तिथून पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, आडोशाला लपता यायचं. मी दोघांना घेऊन धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, नाल्याकडे गेले. तिथे आभाळ मोकळं होतं. शंकरच्या वावरात हरभरा, कडेने बांबूच्या खुंट्या आणि त्यावरून गेलेली एक साधी तार. चांगली चार पावलं दूर उभं राहून मी डबा चालू केला. आवाज नाही. वायर तारेच्या दिशेने धरली. आवाज नाही. म्हणजे वरची लाइन इथवर पोचत नव्हती. गजाननने मोठा श्वास सोडला.

"पाह्य. काहीच नाही."

"अजून चालू नाही केली त्याइनं," वंदना म्हणाली.

आम्ही बसून राहिलो. सूर्य तुरीच्या शेंड्यांमागे गेला. विहिरीकडे एक मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. गजानन उठून उभा राहिला. थोड्या वेळाने माझ्या हातातला डबा किंचाळायला लागला.

मी त्याची टिक ऐकायला थांबले. टिक आली नाही. मी मागे सरकले, आवाज बारीक झाला. पुढे आले, मोठा झाला. बॅटरी काढून परत घातली. डबा परत तसाच, सलग, एका सुरात.

"हे टिक-टिक काहून नाही करून राह्यलं?" गजाननने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं. 

तोवर शंकरने आम्हाला पाहिलं होतं. तो त्याच्या बाजूने कुंपणाच्या आतून चालत आला. धिप्पाड माणूस, हातात टॉर्च. वंदना डोक्यावर पदर घेऊन चार पावलं मागे सरली.

"काय तमाशा हाय गजा?"

"दादा, तारेत काय सोडलं?"

"झटका. आनखीन काय सोडन?"

"मशीन तं या बाईच्या दुकानात हाय."

शंकरने माझ्याकडे टॉर्च मारली. "दुसरं आनलं."

"कुठं हाय? दाखव."

"विहिरीवर हाय. दाखव म्हणजे? वहीम घेऊन राह्यला का माह्यावर? बायकोच्या डब्ब्यावर भरोसा हाय, आन भावावर नाही?"

गजानन तारेच्या जवळ गेला. मग त्याने चपला काढल्या आणि बाजूला ठेवल्या.

"भरोसा हाय," तो म्हणाला. "झटकाच हाय नं? झटक्यानं मानूस मरत नाही, तूच म्हणतं." आणि त्याने हात पुढे केला.

मी एवढी वर्षं विजेत काम केलं. पण मी ओरडले नाही, नुसता डबा धरून उभी राहिले. वंदना मागून धावली. तिच्या आणि त्याच्या मधे अंतर होतं, ती पोचली नसती.

"गजा! नको! नको लावू! मरशीन!"

शंकर ओरडला होता. असा आवाज मी कोणा मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलेला नव्हता. टॉर्च फेकून तो विहिरीकडे धावला. ढेकळांत अडखळून पडला, उठला, परत धावला. गजाननचा हात तारेपासून वीतभर अंतरावर थांबलेला होता. वंदनाने त्याला सदऱ्याला धरून मागे ओढलं आणि दोघंही धुऱ्यावर बसले. माझ्या हातातला डबा किंचाळतच होता, आणि मग एकदम गप्प झाला.

शंकर परत आला तेव्हा त्याच्या हातात वायरीचं भेंडोळं होतं. मोटरीच्या पेटीतून उपसून आणलेलं. ते त्याने आमच्या पायाशी टाकलं. कोणाकडेही न पाहता म्हणाला, "डुकरं ठेवतच नाही काही. मशीन जळलं, मंग म्हणलं, दोन-चार दिवस." 

दुसऱ्या दिवशी मी वीज ऑफिसात जाऊन सांगितलं. त्यांची माणसं येऊन विहिरीवरची पेटी पाहून गेली आणि शंकरला जे भरायचं ते त्याने भरलं. गजाननला माझं तिथे जाणं आवडलं नाही. घरातलं घरात मिटलं असतं, असं त्याचं म्हणणं. मला तसं वाटत नाही, आजही वाटत नाही. शंकरच्या वावरात चाललं ते दुसऱ्याच्या वावरातही रोज चाललेलं असू शकतं, आणि तिथे ओरडायला भाऊ उभा नसतो.

वंदना पुढच्या बाजारी आली. मी तिला म्हटलं, "मले तुमच्यावरच वहीम होता."

"मालूम हाय," ती हसून म्हणाली. "निळा ठोकळा काढला तवाच समजलं. म्हणलं, हे बाई येवढी भेऊन राह्यली म्हणजे इले तारेचं समजते. इथंच शिकाचं." आता तिने मातीचा सेन्सर मागितला, आणि पाण्याचं काहीतरी करायचं म्हणत होती. धुऱ्यावर ती अजूनही रोज संध्याकाळी डबा घेऊन फिरते. तार आता तिथे नाही. मी विचारलं, मग कशाला? ती म्हणाली, "आपलं पाहून घेतलेलं बरं."

हरभरा निघाल्यावर शंकर दुकानात आला. मी मनातून तयारीत होते. म्हटलं, हा आता भांडणार. पण तो स्टुलावर बसला, मशीन दुरुस्त करून द्या म्हणाला, आणि मी काम करेपर्यंत तिथेच बसून राहिला. वाळला होता. हायवेवरून ट्रक जात होते, तो एकेका ट्रककडे बघत होता.

"गजा बोलते माह्याशी," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "कामापुरता बोलते. मी एक दिवस इचारलं त्याले. म्हणलं, गजा, तू खरंच लावला असता का रे हात?"

मी सोल्डरिंगची गन खाली ठेवली. "काय म्हणला?"

शंकरने डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

"म्हणे, दादा, तारेत काय हाय ते डब्ब्यानं सांगतलंच व्हतं. तू ओरडतं का नाही, ते पाहाचं व्हतं मले."